आगोटीच्या यादीत कुत्र्याची खाजही लिहा

मे महिना निम्मा सरला की आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, कामं सुरू होतात. लाकडं आत येतात, कौलं चाळून होतात, सुकट डब्यात भरली जाते. या वर्षी त्या यादीत मी सर्वांत वर आमच्या कुत्र्याची, खंड्याची, खाज लिहिली आहे. गेल्या पावसाळ्यात मी चुकलो आणि त्याचा त्रास त्या मुक्या जिवाने चार महिने काढला. शेपटीच्या मुळाशी केस गेले. चावून चावून कातडी ओली, लाल झाली. रात्री पडवीतून त्याच्या खाजवण्याचा आवाज यायचा, मागचा पाय जमिनीवर धपधप आपटायचा. तीनदा डॉक्टरांकडे नेलं, तीनदा औषध झालं, तीनदा वीसेक दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. औषध बरोबर होतं. तो झोपतो ती जागा मात्र मी एकदाही साफ केली नव्हती.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, “झोपतो कुठे?” पडवीत, पेंढ्याच्या आडोशाला, जुन्या गोणपाटावर. घरी येऊन गोणपाट उचललं आणि मागच्या चिऱ्यावर बॅटरी मारली. जांभ्याला नैसर्गिक भोकं असतातच. त्या भोकाभोकांत गोचीड बसले होते. काही तिळाएवढे तपकिरी, काही रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखे राखाडी टम्म फुगलेले. वर वाशापर्यंत चढले होते. कुत्र्याचा गोचीड रक्त पिऊन झालं की खाली उतरतो, कात टाकायला भिंतीच्या फटीत जातो आणि पुन्हा अंगावर येतो. असं तो दोनदा करतो, म्हणजे आयुष्यात तीनदा रक्त पितो. मादी तर फटीतच हजारो अंडी घालते. म्हणजे मी कुत्र्याला गोळी देत होतो आणि भिंत नवे गोचीड पुरवत होती.

पिसवांचंही असंच. पिसू अंडी अंगावर घालते, पण ती चिकटत नाहीत, घरंगळून अंथरुणात आणि जमिनीच्या धुळीत पडतात. अळ्या त्या धुळीतच वाढतात, मग कोश करतात. कोशावर फवारणीचा फारसा परिणाम होत नाही, आणि आतली पिसू कित्येक आठवडे थांबून राहते. जवळून कुणी चाललं, ऊब लागली की बाहेर पडते. आपल्या दमट हवेत हे चक्र तीन-चार आठवड्यांत पुरं होतं. माझे ‘वीसेक दिवस बरे’ कुठून आले ते कळलं ना? काही कुत्र्यांना पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते, त्यांना दोन-चार चावेसुद्धा पुरतात.

म्हणून आधी झोपायची जागा. डॉक्टरांकडे जायच्या आधीच तिची तयारी करा, ऊन आहे तोवर, मृग लागायच्या आत. गोणपाट धुऊ नका, सरळ जाळा किंवा टाका. त्याऐवजी दोन सुती चादरी ठेवा, एक धुण्यात, एक वापरात. दर आठवड्याला कढत पाण्यात धुवायच्या. पावसात वाळवायची सोय आत्ताच करा, चुलीच्या वर किंवा माजघरात दोरी बांधा. दमट चादर अंथरण्यात अर्थ नाही. झोपायला जमिनीपासून वीतभर उंच फळी किंवा जुनी खाट द्या, भिंतीला न टेकवता. पेंढा तिथून हलवा. चिऱ्याच्या भेगा आणि भोकं सिमेंटने बुजवा, निदान कुत्र्याच्या उंचीपर्यंत. कोपऱ्यातली धूळ झाडून पिशवीत बांधून टाका, अंगणात झटकू नका, पिसू तिथेच वाढते. फवारणीचं औषध डॉक्टरांनाच विचारा आणि ते दोनदा मारा, मध्ये दोन-तीन आठवडे सोडून. एकदा मारून थांबलात तर अंड्यांतून आणि कोशांतून नवी फौज येते. वाळेपर्यंत कुत्रा, मांजर, पोरं, सगळ्यांना लांब ठेवा. रॉकेल, फिनेल, शेतातलं कीटकनाशक कृपा करून नको. कुत्रा अंग चाटतो, पंजे चाटतो, ते सगळं त्याच्या पोटात जातं.

घरात मांजर असेल तर फार जपा. पर्मेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला विष आहे, जीव जातो. आणि घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच दिवशी त्यांचं त्यांचं औषध द्या. एकाला देऊन दुसऱ्याला वगळलं तर काही उपयोग नाही.

आता दवाखान्याची तयारी. जायच्या आधी दोन-तीन दिवस आंघोळ घालू नका. आपल्याला वाटतं स्वच्छ करून न्यावं, पण डॉक्टरांना जे बघायचं असतं तेच धुऊन जातं. खाज कुठे आहे ते मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तारखेसकट. शेपटीच्या मुळाशी असेल तर पहिला संशय पिसवांवर. पंजे, काखा, कान, पोट असेल तर ॲलर्जी किंवा यीस्टचा, म्हणजे एका बुरशीचा, संशय येतो. कानाच्या कडा आणि कोपरं खरबडली असतील तर खरूज. घरात कुणाच्या अंगाला खाज सुटली असेल तर तेही सांगा, खरूज आणि गजकर्ण माणसाला लागतात. घरीच एक तपासणी होते. बारीक दातांची फणी पाठीवरून फिरवा, निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. लालसर डाग पसरला तर ती पिसूची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू दिसली नाही तरी ती आहे.

वजन करून न्या. गोळीचा डोस वजनावर ठरतो. कुत्रा उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग तुमचं एकट्याचं वजा करा. पूर्वी कधी फेफरं आलं असेल तर ते आवर्जून सांगा, गोचीड-पिसवांच्या काही गोळ्या अशा कुत्र्यांना जपून द्याव्या लागतात. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघाल का, असं नम्रपणे विचारा. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यावर सगळं ठरतं. खरूज, यीस्ट आणि जिवाणू, तिन्हींची औषधं वेगळी. न बघता गुरांचं आयव्हरमेक्टिन कुणी टोचत असेल तर थांबवा, कॉलीसारख्या जातींच्या आणि त्यांच्या संकरित कुत्र्यांना ते जिवावर बेततं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने खाज दुसऱ्या दिवशी थांबते हे खरं. पण खाज थांबली म्हणजे कारण गेलं असं समजून मी निश्चिंत झालो होतो. स्टेरॉइडने तहान, भूक, लघवी वाढली तर घाबरू नका, पण स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने एकदम बंदही करू नका. अँटिबायोटिक सांगितलं असेल तर सांगितले तितके दिवस पुरं, बहुधा तीन आठवडे तरी. पुरळ बसलं म्हणून अर्ध्यावर सोडलं की ते परत येतं.

औषधी शाम्पूला घड्याळ लावा. फेस करून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, लगेच धुतला तर पैसे वाया. माणसांचा साबण नको. मानेवर टाकायचं औषध असेल तर आंघोळ आणि ते यांत दोन दिवसांचं अंतर ठेवा. नंतर कोरडं करणं महत्त्वाचं. काखा, बोटांच्या बेचक्या, कानामागे, नुसतं वरवर पुसून भागत नाही. जुने पंचे चार-पाच तयार ठेवा. समुद्रावर नेत असाल तर परतल्यावर गोड्या पाण्याने धुवा, मीठ आणि वाळू कातडीला खुपते.

करंजेल लावा असं गावात प्रत्येकजण सांगेल. प्रेमाने सांगतात. पण यीस्ट तेलकट, दमट कातडीवरच फोफावते, आणि तेलाचा वास उग्र म्हणून कुत्रा आणखी चाटतो. माणसांची मलमंही नकोत.

आणि जागा! पुन्हा सांगतो, कारण डॉक्टरांकडून औषधांची पिशवी घेऊन आलं की मन हलकं होतं आणि पडवीचं काम उद्यावर जातं. माझं तीन महिने उद्यावर गेलं. गाडीच्या मागच्या सीटवरचं फडकंही जागेतच धरा, पायपुसणंही.

खाणं: अन्नाची ॲलर्जी असेल अशी शंका डॉक्टरांना आली तर ठरवून दिलेलंच अन्न किमान आठ आठवडे. बांगड्याचं डोकं नाही, सुकटीचा कण नाही. सगळ्या घराला बजावा.

चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर, नखं कापलेली. ताप, अंगात मरगळ, पिवळट किंवा पांढऱ्या हिरड्या दिसल्या तर गोचीड-ताप असू शकतो, त्याच दिवशी न्या. पुढच्या गोळीची तारीख कालनिर्णयवर लिहा. काही गोळ्या महिन्याच्या असतात, काही तीन महिन्यांच्या, विचारून घ्या. खाज थांबली तरी चालू ठेवा, निदान पावसाळाभर.

गणपतीला चाकरमानी येतील, माळ्यावरच्या गोधड्या खाली येतील, आणि कुणीतरी जास्तीची एक पडवीत खंड्याच्या कोपऱ्यात टाकेल. ती आधी कढत पाण्यातून काढा.