वल्हांडणासाठी कोशेर सफरचंद केक कसा करावा

वल्हांडणाच्या म्हणजेच पेसाहच्या दिवसांत ज्यू घरांत गव्हाचे साधे पीठ डब्यात ठेवणेही वर्ज्य असते, आणि तरीही त्याच दिवसांत तिथे केक भाजला जातो. हे कसे जमते, याचे उत्तर मात्सा या बेखमीर पोळीत आहे. गहू, बार्ली, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांपैकी कोणत्याही धान्याच्या पिठाला पाणी लागले आणि ते १८ मिनिटांच्या आत भाजले गेले नाही, तर ते आंबले असे धर्मशास्त्र मानते. अशा पदार्थाला हामेत्स म्हणतात. मात्सा या १८ मिनिटांत मळून, लाटून, भाजून होते. १८७४ मध्ये पुण्यात छापल्या गेलेल्या हिब्रू-मराठी हग्गादात, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायच्या पोथीत, मात्सा तयार करणाऱ्या भारतीय वेशातील स्त्रियांची चित्रे आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला ही लगबग अगदीच परकी नाही. एकदा नीट भाजलेले पीठ पुन्हा आंबत नाही, म्हणून मात्सा दळून केलेले पीठ ओले करून भाजण्यास बहुतेक समाजांची हरकत नसते. काही हसिदी, म्हणजे कर्मठ ज्यू पंथातली, घराणी मात्र सणाचे पहिले सात दिवस मात्साला पाणी लागू देत नाहीत. पाहुणे अशा घरातले असतील, तर हा केक न करता भाजलेली सफरचंदे द्यावीत.

साहित्य आणण्याआधी स्वयंपाकघराचा विचार करावा, कारण वर्षभर पाव भाजलेल्या भांड्यात हा केक केला तर उत्तम साहित्य वापरूनही तो सणाला चालत नाही. केकचा साचा, फेटणी, चाळणी आणि मिक्सरचे भांडे पेसाहसाठी वेगळे ठेवलेले किंवा नवे असावे. ओव्हन आतून घासून स्वच्छ करावा, चोवीस तास वापरू नये आणि मग सर्वांत जास्त तापमानावर तासभर रिकामाच तापवावा. घराघरांत आणि ओव्हनच्या प्रकाराप्रमाणे यात फरक असतो, तेव्हा शंका असल्यास आपल्या रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, आधीच विचारून घ्यावे.

साहित्य असे लागेल: घट्ट, आंबटसर सफरचंदे मध्यम आकाराची चार, अंडी चार, साखर १५० ग्रॅम आणि सफरचंदांसाठी वेगळी चार मोठे चमचे, तेल ८० मिलिलिटर, संत्र्याचा ताजा रस ६० मिलिलिटर, एका संत्र्याच्या सालीचा किस, मात्साचे बारीक पीठ १०० ग्रॅम, बटाट्याचा स्टार्च एक मोठा चमचा, दालचिनीची पूड दीड लहान चमचा, लिंबाचा रस दोन मोठे चमचे आणि चिमूटभर मीठ. आवडत असल्यास मूठभर अक्रोड घ्यावेत. मात्साचे बारीक पीठ मिळाले नाही तर साध्या मात्साच्या चार पोळ्या मिक्सरमध्ये दळून दोनदा चाळाव्यात आणि हवे तेवढे पीठ मोजून घ्यावे. पाकिटावर ‘पेसाहसाठी कोशेर’, म्हणजे धर्मनियमांनुसार खाण्यास योग्य, असा शिक्का आहे ना, हे अवश्य पाहावे, कारण वर्षभर विकली जाणारी प्रत्येक मात्सा सणाला चालत नाही. नेहमीच्या बेकिंग पावडरीत आणि पिठीसाखरेत बहुधा मक्याचा स्टार्च असतो, आणि मका अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या, घरांत पेसाहला खात नाहीत. व्हॅनिला अर्कातील अल्कोहोल धान्याचे असू शकते, म्हणून तोही टाळावा. संत्र्याच्या सालीचा सुगंध इथे पुरेसा होतो. लोण्याऐवजी तेल घेण्याचे कारण वेगळे आहे. सेदरच्या, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या विधीयुक्त, जेवणात सहसा मांस असते, मांसासोबत दुधाचे काही खाता येत नाही, आणि तेलातला केक पारेवे, म्हणजे ना दुधाचा ना मांसाचा राहतो.

ओव्हन १७५ अंश सेल्सिअसला तापत ठेवून सुमारे २० सेंटिमीटरच्या चौकोनी साच्याला तेल लावावे. सफरचंदे सोलून पातळ चकत्या कराव्यात आणि लिंबाचा रस, दालचिनी व चार चमचे साखर लावून बाजूला ठेवाव्यात. त्यांना सुटलेले पाणी पुढे निथळून टाकायचे आहे. ते तसेच राहिले तर केकचा तळ ओलसर आणि कच्चा लागतो.

अंडी एकेक करून पारदर्शक पेल्यात फोडावीत आणि रक्ताचा ठिपका असलेले अंडे टाकून द्यावे. मग पांढरे आणि पिवळे वेगळे करावे. पिवळ्यात शंभर ग्रॅम साखर घालून मिश्रण फिकट व दाट होईपर्यंत फेटावे, तेलाची बारीक धार सोडत फेटत राहावे आणि शेवटी संत्र्याचा रस, किस, मीठ, मात्साचे पीठ व स्टार्च मिसळावे. आता दहा मिनिटे थांबावे. मात्साचे पीठ सावकाश ओलावा शोषते, आणि ही दहा मिनिटे वाचवली तर केक तोंडात रवाळ, कोरडा लागतो. पेसाहच्या केकविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ मला याच घाईत दिसते.

तेवढ्या वेळात, तेलाचा अंशही नसलेल्या भांड्यात पांढरे फेटावे आणि फेस आल्यावर उरलेली पन्नास ग्रॅम साखर थोडी थोडी घालावी. फेटणी उचलल्यावर फेसाचे शिखर उभे राहून टोक किंचित वाकले की थांबावे. या केकमध्ये यीस्ट नाही आणि बेकिंग पावडरही नाही; त्याला फुगवणारी हवा याच फेसात आहे. म्हणून फेस तीन भागांत पिवळ्याच्या मिश्रणात घालावा, आणि प्रत्येक वेळी रबरी उलथने तळापासून वर आणत मिश्रण अलगद परतावे. शेवटी पांढऱ्याच्या एखाद-दोन रेषा दिसत राहिल्या तरी चालेल, पण ढवळत बसू नये.

अर्धे मिश्रण साच्यात ओतून त्यावर निथळलेल्या चकत्यांपैकी निम्म्या पसराव्यात, उरलेले मिश्रण घालावे, वर राहिलेल्या चकत्या व अक्रोड मांडावेत आणि ४५ ते ५० मिनिटे भाजावे. मधोमध खुपसलेली काडी कोरडी निघाली की केक झाला. वरचा भाग आधीच गडद होऊ लागला तर त्यावर फॉइल सैलसर झाकावे. बाहेर काढल्यावर अर्धा तास साच्यातच निवू द्यावा, कारण गरम असताना कापला तर चकत्या निसटतात.

केक सणाच्या आदल्या दिवशी करून ठेवणे सर्वांत सोयीचे. सफरचंदाचा ओलावा रात्रभर मुरून तो दुसऱ्या दिवशी अधिक मऊ लागतो. सेदरच्या रात्री मात्र तो आफिकोमानच्या आधी वाढावा. आफिकोमान म्हणजे जेवणाच्या शेवटी खायचा, राखून ठेवलेला मात्साचा तुकडा. तो खाल्ल्यानंतर विधीतील वाइनचे पेले तेवढे उरतात, दुसरे काही खाण्याची रीत नाही.