रोजच्या जगण्यातून आणि वचनातून बोध घेताना या चुका टाळा

घरच्या प्रार्थनेत, संडेस्कूलमध्ये, महिला मंडळाच्या मीटिंगला नाहीतर सकाळी सकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, "आज तुम्ही दोन शब्द सांगा" ही पाळी आपल्यावर कधी ना कधी येतेच. मग आदल्या रात्री धावपळ, एखादं वचन, म्हणजे बायबलमधलं वाक्य, शोधायचं, एखादा अनुभव आठवायचा, दोघांची गाठ मारायची आणि सांगून मोकळं व्हायचं. भावना चांगलीच असते, पण या घाईत काही चुका इतक्या सर्रास होतात की त्या चुका आहेत हेच वाटेनासं होतं, आणि त्यातल्या एक-दोन अशा आहेत की ऐकणारा माणूस दुखावतो आणि पुन्हा चर्चकडे फिरकत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

बोध आधी, बघणं नंतर

सगळ्यात मोठी चूक हीच आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्यातूनच निघतात. आधी ठरतं की आज क्षमेवर बोलायचं, मग सकाळपासून जे दिसेल ते ओढूनताणून क्षमेला जोडायचं. बायबलमध्ये याची बरोबर उलटी पद्धत आहे. नीतिसूत्रे 24 मध्ये 30 व्या वचनापासून वाचा. एक माणूस आळशाच्या शेताजवळून चाललाय, आणि तो काय काय बघतो तर सगळीकडे काटे माजलेत, जमीन गवताझुडपांनी झाकून गेलीय, दगडी कुंपण ढासळलंय. एवढं सगळं बघून झाल्यावर तो म्हणतो की मी पाहिलं, विचार केला आणि त्यातून शिकलो. येशूचंही तसंच आहे. बाजारात बसलेली पोरं एकमेकांवर रुसतात, आम्ही पावा वाजवला तरी तुम्ही नाचला नाहीत म्हणतात (मत्तय 11), हे काही मुद्दा शोधायला निघालेल्या माणसाला सुचणार नाही, त्यासाठी पोरांचा खेळ खरोखर बघावा लागतो.

त्यामुळे एखादा प्रसंग सांगायचा असेल तर आधी बोध बाजूला ठेवा आणि तो प्रसंग घडला तसा घरात कुणाला तरी सांगून बघा. बोध बसवायला प्रसंगात थोडा फेरफार करावा लागतोय, डॉक्टरांच्या तोंडी दोन वाक्यं जास्तीची घालावी लागतायत, असं दिसलं तर तो प्रसंग सोडून द्या. साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगताना, तर हे फारच जपायला हवं, कारण देवाच्या गौरवासाठी म्हणून वाढवून सांगितलेली गोष्ट शेवटी खोटीच असते.

वचनाच्या बाबतीतही आधी नीट बघणं आलंच. येशूने बोध द्यायला सांगितलेल्या गोष्टींना दाखले म्हणतात, त्यातला पेरणाऱ्याचा दाखला घ्या. नगर जिल्ह्यातल्या किंवा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला हा दाखला सांगितला की तो विचारतो, या माणसाने बी वाटेवर आणि खडकावर कशाला टाकलं, वेडा होता का? त्याने पाभरीने ओळीत पेरलेलं बघितलंय ना. त्या काळी तिकडे बी हाताने फोकून पेरायचे, त्यामुळे थोडं पायवाटेवर, थोडं मुरमाड जागी, थोडं काट्यांत जाणारच. हे एवढं सांगितलं की मुलाच्या डोळ्यासमोर शेत उभं राहतं आणि पुढचं त्याला आपोआप कळतं. हे न सांगता डायरेक्ट "तुमचं हृदय कोणती जमीन आहे" वर उडी मारली की मुलं मान डोलावतात आणि विसरून जातात.

एकच वचन उचलून भिंतीवर लावणं

यिर्मया 29:11. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर, बोर्डाच्या परीक्षेच्या शुभेच्छांमध्ये, स्टेटसवर, जिथे तिथे हेच. परमेश्वराच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, आशा देणारे आहेत. वचन खरंच आहे आणि सुंदर आहे. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे, आणि ते पत्र यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून बाबेलला (बॅबिलोनला) पाठवलं होतं, इ.स.पू. 597 मध्ये घरदार सोडून कैद करून नेलेल्या लोकांना. त्याच्याच आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतोय की घाबरू नका, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. आणि यिर्मया म्हणतो की नाही, 70 वर्षं लागतील. म्हणजे ज्यांनी पहिल्यांदा हे वचन ऐकलं त्यातल्या बहुतेकांनी परतीचा दिवस बघितलाच नसणार! तोपर्यंत काय करायचं तर घरं बांधा, मळे लावा आणि त्यांचं फळ खा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

आता हे सगळं धरून तेच वचन पुन्हा वाचा. गाव सोडून पिंपरी-चिंचवडला कंपनीत आलेल्या माणसाला, दुबईला एका खोलीत चौघांबरोबर राहणाऱ्या मुलाला किंवा केअरटेकर म्हणून परदेशी गेलेल्या बाईला यातून जे मिळतं ते कॅलेंडरवरच्या एका ओळीतून कधीच मिळणार नाही. आणि ज्या मुलाला परीक्षेत मार्क कमी पडतात त्याला "मग देवाचा संकल्प कुठे गेला" असा धक्काही बसत नाही.

उपाय सोपा आहे, वचन सापडलं की वरची दहा आणि खालची दहा वचनं वाचा, पत्र असेल तर सलग सगळं पत्रच वाचा, फिलिप्पैकरांस पत्र तर अर्ध्या तासाच्या आत होतं. तसंही हे आकडे मूळ लिखाणात नव्हतेच. अध्याय तेराव्या शतकात पडले आणि नव्या कराराला आपण आज वापरतो ते वचनांचे नंबर 1551 मध्ये रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने दिले. नंबर शोधायला सोयीचे आहेत, तोडून घ्यायला नाहीत.

कोण बोलतंय हे न बघणं

दुकानाच्या उद्घाटनाला किंवा नव्या घराच्या प्रार्थनेला ईयोब 8:7 आवडीने घेतात, तुझी सुरुवात लहान असली तरी तुझा शेवट फार मोठा होईल. हे बोलतोय बिल्दद, एकामागून एक संकटं सोसणाऱ्या ईयोबाचा मित्र. आणि तीन वचनं आधी त्याने काय म्हटलंय? तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून देवाने त्यांना त्याचं फळ दिलं. ज्याची दहा मुलं घर कोसळून नुकतीच गेलीत त्या बापाला हे सांगतोय. पुस्तकाच्या शेवटी, 42:7 मध्ये, देव स्वतः म्हणतो की या मित्रांवर माझा राग आहे, ते माझ्याविषयी बरोबर बोलले नाहीत. बायबलमध्ये छापलंय म्हणजे देवाच्या तोंडचं आहे असं नसतं, मत्तय 4 मध्ये तर सैतानसुद्धा स्तोत्र 91 म्हणून दाखवतो.

दाखल्यातल्या प्रत्येक वस्तूला अर्थ चिकटवणं

ही सवय जुनी आहे, फार मोठ्या माणसांनाही होती. संत ऑगस्टीनने चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (लुटारूंनी मारलेल्या वाटसरूच्या जखमांवर तेल-द्राक्षारस घालून, त्याला आपल्या जनावरावरून धर्मशाळेत नेणाऱ्या परक्याची गोष्ट) धर्मशाळा म्हणजे मंडळी आणि धर्मशाळेचा मालक म्हणजे प्रेषित पौल असं लावलं होतं. ऐकायला छान वाटतं, पण येशूने हा दाखला का सांगितला ते लूक 10 मध्ये स्पष्ट आहे, एका शास्त्र्याने विचारलं "माझा शेजारी कोण?", आणि शेवटी उत्तर मिळालं "जा आणि तूही तसेच कर". तेल म्हणजे काय, द्राक्षारस म्हणजे काय, गाढव म्हणजे काय यात अर्धा तास गेला की "तूही तसेच कर" राहूनच जातं. दाखल्याच्या आधीचा प्रश्न आणि नंतरचं वाक्य बघा, बहुतेक वेळा तिथेच उत्तर असतं.

दार बंद म्हणजे देवाचा नकार?

व्हिसा रिजेक्ट झाला, देवाची इच्छा नव्हती. लोन पास झालं, देवाने दार उघडलं. असं सरसकट लावू नका. प्रेषित पौलाला त्रोवस शहरात दार उघडलं होतं, म्हणजे कामाची संधी मिळाली होती, तरी त्याचा सोबती तीत भेटला नाही म्हणून त्याच्या जिवाला चैन पडेना आणि तो तिथून निघाला (2 करिंथ 2). इफिसात मोठं दार उघडलंय आणि विरोधकही पुष्कळ आहेत, म्हणून मी इथेच थांबतो, असंही तोच लिहितो (1 करिंथ 16). आणि गिदोनाने लोकर जमिनीवर ठेवून तिच्यावर दव पडण्याची खूण देवाकडे मागितली होती (शास्ते 6), तिचा आधार घेऊन चिन्ह मागणाऱ्यांनी हे बघावं की काय करायचं ते देवाने त्याला आधीच सांगितलं होतं, त्याचा विश्वास बसत नव्हता एवढंच.

दुसऱ्याच्या दुःखातून बोध काढणं

ही चूक मात्र कृपा करून करू नका. तरुण मुलगा अपघातात गेलाय, घरात लोक बसलेत, आणि कुणीतरी उठून सांगतं की देव यातून या कुटुंबाला काहीतरी शिकवतोय. आई समोर बसलेली असते. किंवा चर्च सुटल्यावर कुजबूज, दशांश (कमाईचा दहावा भाग) देत नव्हते ना, म्हणून आजारपण आलं. शिष्यांनी जन्मापासून आंधळ्या माणसाकडे बोट दाखवून हेच विचारलं होतं, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापाने, आणि येशूने सांगितलं की याने नाही आणि याच्या आईबापानेही नाही. शिलोहातला बुरूज पडून 18 माणसं मेली तेव्हाही तो म्हणाला की ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, आणि मग पश्चात्तापाचं बोलला ते ऐकणाऱ्यांना, मेलेल्यांबद्दल नाही. ईयोबाचे मित्रसुद्धा पहिले सात दिवस आणि सात रात्री बरोबर वागले, त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत.

अशा घरी वाचायलाच सांगितलं तर स्तोत्र 88 वाचा. ते शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच आहे, आणि तरी ती प्रार्थना आहे. त्यावर मनन, म्हणजे बोधपर भाषण, देऊ नका. त्या बाईला स्वतःच्या दुःखातून पुढे काही उमगलं तर ती तिची साक्ष, तिनेच द्यायची.

बोध सापडलाच नाही तर

काही उतारे असे आहेत की वाचून सुन्न व्हायला होतं. शास्ते 11 मध्ये जिंकून परतल्यावर घरातून जे पहिलं बाहेर येईल ते देवाला अर्पण करीन असा नवस इफ्ताह हा सेनानायक करतो, आणि त्यापायी त्याच्या मुलीचा जीव जातो आणि तिथे कुणी सांगत नाही की यातून हे शिका. अशा वेळी जबरदस्तीने तीन मुद्दे काढू नका. उतारा वाचा आणि सरळ म्हणा की हे मला अजून कळलेलं नाही, मी पाळकांना, फादरना विचारते, तुमच्यापैकी कुणी यावर वाचलं असेल तर पुढच्या आठवड्यात सांगा. आणि पुढच्या आठवड्यात आठवणीने तो विषय पुन्हा काढा, कारण कुणीतरी खरंच शोधून आलेलं असतं.