गावातल्या बागा एक दिवस खुल्या ठेवायच्या तर

आमचं गाव मुळशी तालुक्यात. बागा पाहायला पुण्याहून माणसं बोलवायची तर जानेवारीतला रविवार धरा; शेवंती, झेंडू, पिटुनिया तेव्हा भरात असतात. फक्त पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाची तारीख आधी बघा, नाहीतर हौशी मंडळी तिकडेच वळतात.

सात-आठ बागा पुरेत. महिनाभर आधी विचारा, आणि घरच्या कर्त्या पुरुषाला नको. झाडांना पाणी कोण घालतं ते बघून त्या वहिनींनाच. वेळ सकाळी आठ ते साडेअकरा. कुत्रं बांधायचं का, संडास कुणाचा वापरायचा, हे आदल्या दिवशी दारोदार फिरून पक्कं करा.

प्रत्येक दारात आपला एक माणूस हवाच. पहिल्या वर्षी आम्ही ठेवला नाही. 'एवढीशी काडी घेते हं' म्हणत लोकांनी काकूंची जास्वंद अशी ओरबाडली की दुपारपर्यंत झाडाचा खराटा! आता पावसाळ्यातच आम्ही काड्या रुजवतो: पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, लगेच खाली. दुधाची रिकामी पिशवी, तळाला दोन भोकं, आणि सावली. जानेवारीत तीस रुपयाला एक. चहाचा खर्च त्यातच निघतो.