निर्गुडीचं तेल कढवताना

आईच्या सुजणाऱ्या गुडघ्यांसाठी मी दरवर्षी निर्गुडीचं तेल कढवते. पहिल्या वर्षी घाईने आच मोठी केली आणि तेल करपलं. त्यात खरं जपायचं काय, ते मग शोधलं.

निर्गुडीच्या झुडपाला एका देठाला तीन किंवा पाच पानं, वरून हिरवी, खालून पांढुरकी. चुरगळली की उग्र वास. त्या वासातच बीटा-कॅरिओफायलीन नावाचं द्रव्य आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने सूज उतरलेली दिसली आहे. कॅस्टिसिन हे सुजेवरचं दुसरं द्रव्य. ही दोन्ही तेलात उतरतात. पाल्यातली नेगुंडोसाइड आणि अग्नुसाइड ही द्रव्यं मात्र पाण्यात विरघळणारी, म्हणून आधी काढा हवा.

४०० ग्रॅम पाला ३ लिटर पाण्यात उकळून ८०० मिली उरवा, गाळा. उकळताना वास वाफेबरोबर उडतो, त्यासाठी ५० ग्रॅम ताज्या पाल्याचं वाटण वेगळं ठेवा. जाड बुडाच्या कढईत २०० मिली तिळाचं तेल, वाटण आणि काढा एकत्र करून मंद आचेवर ठेवा. वाटण एक, तेल चार, द्रव सोळा, हे आयुर्वेदातलं जुनं प्रमाण.

आता कढईपाशीच थांबायचं. पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या आसपास राहते. ते संपलं की तेल झपाट्याने तापतं आणि वाटण जळतं. तडतड मंदावली की वाटणाचा कण बोटांत वळून पाहा. त्याची वात वळली, ती ज्योतीवर धरल्यावर चरचरली नाही आणि तेलावर फेस आला, की लगेच गॅस बंद. वात वळत नसेल तर ओल बाकी आहे, असं तेल लवकर खवट होतं. गरम असतानाच कापडातून गाळा, कोरड्या काचेच्या बाटलीत भरा.

आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट पाहा. मग रात्री कोमट करून हलक्या हाताने लावा, रगडू नका. जखमेवर लावू नये, पोटात घेऊ नये, गरोदरपणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. सांधा लालभडक, गरम झाला असेल, ताप असेल किंवा एकाच पायाची पोटरी अचानक सुजली असेल, तर तेलात वेळ घालवू नका, तडक डॉक्टरांकडे जा. आईच्या गोळ्याही मी या तेलासाठी कधी बंद केल्या नाहीत.