कार्यालयात बसणाऱ्यांचे समाधान: इमारत सांभाळणाऱ्यांसाठी

कार्यालयाच्या इमारतीची जबाबदारी हाती आली की आपले लक्ष साहजिकच चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारे यंत्र), पंप, लिफ्ट आणि वीजबिलाकडे जाते. तिथे रोज आठ-नऊ तास बसणारा माणूस मात्र वेगळेच पाहत असतो: त्रास झाला तर आपल्याला स्वतः काही करता येते का, आणि आपण सांगितले तर कोणी किती लवकर येते. ब्रिटनमध्ये १९९५ ते २००२ या काळात वापरात असलेल्या इमारतींचा ‘प्रोब’ नावाने अभ्यास झाला, त्यातही वापरणाऱ्यांच्या हातातील नियंत्रण आणि तक्रारीला मिळणारा प्रतिसाद या दोन गोष्टी समाधानाशी घट्ट जोडलेल्या आढळल्या. कामाची सुरुवात म्हणूनच इथून करावी.

पहिल्यांदा लोकांना विचारावे, पण सरासरी काढून थांबू नये. प्रश्नावलीत मजला, दिशा आणि खिडकीपासूनचे अंतर यांची नोंद हवी. नाव मात्र मागू नये. पश्चिमेच्या काचेलगत दुपारी तीननंतर उकडणारा आणि एसीच्या झोताखाली शाल पांघरून बसणारा, या दोघांच्या उत्तरांची सरासरी ‘ठीक’ अशीच येते आणि दोघांचाही त्रास तसाच राहतो. विचारणा एप्रिल-मेमध्ये एकदा आणि पावसाळ्यात एकदा करावी, कारण दमट हवेतल्या तक्रारी वेगळ्या असतात. रात्रपाळीचे सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारी यांनाही अवश्य विचारावे; इमारतीचे बारकावे त्यांच्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असतात, आणि त्यांना विचारायचे राहून जाते याचे मला नेहमी वाईट वाटते.

तापमानाबाबत सर्वांना खूश करण्याचा हट्ट सोडावा. डेन्मार्कचे संशोधक ओले फँगर यांच्या गणितानुसार सर्वांत अनुकूल स्थितीतही सुमारे ५ टक्के लोक असमाधानी राहतात. उपाय एकच आकडा शोधण्यात नाही, तर जागोजागी थोडी मोकळीक देण्यात आहे: उघडता येणारी खिडकी, पंखा, हाताने ओढता येणारा पडदा. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने भारतातील पाच शहरांतील कार्यालयांचा अभ्यास झाला, त्यात नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतींतील लोक तापमानाचा बराच मोठा पल्ला सुखाने स्वीकारतात असे दिसले. एसीची हवा येणाऱ्या झडपेवर कोणी पुठ्ठा चिकटवला असेल तर तो काढून टाकण्याआधी तिथल्या हवेच्या झोताची दिशा तपासावी, कारण तो पुठ्ठा म्हणजेच तक्रार आहे. भिंतीवरचे थर्मोस्टॅट (तापमान कमी-जास्त करण्याचे उपकरण) कशालाच जोडलेले नसेल तर ते तसे ठेवू नये. लोकांच्या ते लवकरच लक्षात येते आणि मग पुढच्या खऱ्या उपायावरही त्यांचा विश्वास बसत नाही.

मोकळ्या मांडणीच्या कार्यालयांत आवाजाची तक्रार बहुधा सर्वांत चिवट असते, आणि त्यातही यंत्रांच्या घरघरीपेक्षा शेजारच्याचे समजणारे बोलणे अधिक त्रास देते. फोनसाठी दोन-तीन छोट्या बंद खोल्या राखाव्यात आणि सतत फोनवर बोलणारा विभाग हिशेब किंवा लेखनाचे काम करणाऱ्यांपासून दूर बसवावा. प्रकाशाचे काम तुलनेने सोपे आहे: स्क्रीन खिडकीला काटकोनात ठेवली की चकाकीचा बराचसा त्रास संपतो.

तक्रारीसाठी एकच नंबर आणि एकच नोंदवही ठेवावी. दुरुस्तीला आठवडा लागणार असला तरी त्याच दिवशी तक्रारदाराकडे जाऊन, कारण काय आहे आणि काम कधी होईल हे सांगावे. काम झाल्यावर नोंद बंद करण्याचा अधिकार तंत्रज्ञाला न देता तक्रारदाराला द्यावा. पुढे तीन महिन्यांनी तेच प्रश्न त्याच जागांवर पुन्हा विचारावेत, आणि कोणत्या कोपऱ्यात काय बदलले व काय बदलता आले नाही हे सूचनाफलकावर लावावे.