दगडीवरचा अर्धा उपाय गव्हाणीत निघाला

आमच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईच्या एकाच सडाला दगडी, म्हणजे कासेची सूज किंवा स्तनदाह, उलटून यायची. सडात औषधाच्या ट्यूब सोडल्या की दूध साफ, थांबल्या की पुन्हा गाठी. गोठ्याची स्वच्छता, धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवणं, सगळं चालू होतं. नव्या डॉक्टरांनी कासेआधी शेण बघितलं: पातळ, फेसाळ, त्यात मक्याचे दाणे.

भरडा जास्त, कडबा कमी झाला की पोटात आम्ल वाढतं, तिथले जिवाणू मरतात, त्यांचं विष रक्तात उतरतं आणि कासेची सूज धुमसत राहते, असं ते म्हणाले. २०१८ मध्ये चिनी संशोधकांनी दगडीच्या गाईंच्या शेणातले जिवाणू जंतुविरहित उंदरांच्या पोटात सोडले, तर त्यांनाही स्तनदाह झाला! लॅक्टोबॅसिलस हे उपयोगी जिवाणू दिल्यावर तो कमी झाला.

मग भरडा घटवून विभागून दिला, त्याआधी कडबा कुट्टी, सोबत खाण्याचा सोडा आणि जिवंत यीस्ट. शेण घट्ट झालं, रवंथ वाढला. प्रतिजैविक मात्र लागलंच, तेही दूध तपासून निवडलेलं. नुसत्या प्रोबायोटिकने (उपयोगी जिवाणू किंवा यीस्टने) दगडी जाते म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. आता सीएमटीच्या (दगडी ओळखायच्या गोठ्यातल्या चाचणीच्या) द्रावणात दूध घट्ट होत नाही. खिशात पैसे मोजकेच असतील, तर यीस्टच्या आधी कडबा घ्या.