घरात सात माणसं, दोन नोकऱ्या आणि सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल: दिवस कसा लावायचा

सेरेब्रल पाल्सी म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल सांभाळणं कठीण जाणं. घर मोठं म्हणजे मदतीला हात भरपूर, असं बाहेरच्यांना वाटतं. पण औषध किती द्यायचं, मुलाला कसं बसवायचं, कशाने ठसका लागतो, हे बहुतेक घरांत एकाच माणसाच्या डोक्यात असतं. ते माणूस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की बाकीचे नुसते घाबरे होतात. म्हणून पहिलं काम: डोक्यातलं सगळं कागदावर उतरवा आणि मुलाचं प्रत्येक काम घरातल्या किमान तिघांना शिकवा. बाकीचं वेळापत्रक नंतर.

फ्रिजवरचा कागद आणि दोन वाट्या

एकच कागद, आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं अक्षर. त्यावर औषधाचं नाव, एका मिलीत किती मिलिग्रॅम आहे ते, किती मिली द्यायचं आणि किती वाजता. मिलिग्रॅम लिहायचं विसरू नका. एकाच नावाचं सिरप वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. दुकानातून दुसरी बाटली आली आणि मिली तेवढेच ठेवले, तर डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. चमच्याने मोजू नका, सिरिंजच वापरा. फिटचं औषध दहा दिवसांचं उरलं की लगेच नवीन आणा, कारण डोस चुकणं हे फिट येण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

मोठ्या घरातला खरा धोका वेगळाच असतो: आईने आठला दिलेलं औषध सव्वाआठला आजोबाही देतात. यावर स्वयंपाकघरात दोन स्टीलच्या वाट्या ठेवा, एकीवर ‘द्यायचं’ आणि दुसरीवर ‘दिलं’ लिहून. दोन वेळांचं औषध असेल तर दोन सिरिंज, एकीला ‘स’ची चिकटपट्टी, दुसरीला ‘रा’ची. औषध दिलं की सिरिंज धुवून ‘दिलं’च्या वाटीत. सकाळी जो पहिला उठेल तो दोन्ही परत ‘द्यायचं’मध्ये ठेवेल. तक्त्यावर खूण करायला लोक विसरतात. सिरिंज मात्र हातातच असते, ती कुठेतरी ठेवावीच लागते, म्हणून ही पद्धत टिकते.

कागदाच्या खालच्या भागात फिट आली तर काय करायचं ते लिहा. घड्याळ बघा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, मानेभोवतीचं सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काही होत नाही, त्यात वेळ जातो. हे आजी-आजोबांना आधीच शांतपणे समजावा, ऐन वेळी वाद नको. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर १०८. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो कुठल्या खणात आहे हेही त्याच कागदावर हवं.

सकाळ

सकाळी मुलाला भरवण्याचं काम कधीही घाईत असलेल्या माणसाकडे देऊ नका. ज्याला आठची बस पकडायची आहे तो मोठे घास भरतो, मूल मान मागे टाकतं आणि अन्न श्वासनलिकेकडे जातं. पाठ सरळ, पाय टेकलेले, मान किंचित पुढे आणि भरवणारा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसलेला, एवढं जमवा. उभं राहून भरवलं की मूल वर बघतं, तिथेच बिघडतं. पाण्यासारखं पातळ वरण किंवा चहा बऱ्याच मुलांना गिळायला भातापेक्षा जड जातो. किती दाट द्यायचं ते थेरपिस्टकडून एकदा ठरवून घ्या. एका जेवणाला रोज अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल, किंवा छातीत वारंवार कफ होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका.

म्हणजे भरवणं आजोबांकडे किंवा काकूकडे आणि डब्यांची घाई आई-बाबांकडे. भाजी रात्रीच चिरलेली, कणीक मळून फ्रिजमध्ये. भावंडांची दप्तरं आदल्या रात्री दाराशी.

स्प्लिंट (पाय आणि घोटा सरळ धरणारा कडक आधार) घालताना आत बिनशिवणीचा लांब मोजा, टाच पूर्ण मागे टेकलेली, आणि आधी घोट्याचा पट्टा, मग वरचा. आधी वरचा आवळला की टाच वर सरकते आणि संध्याकाळी तिथे लाल वण दिसतो. स्प्लिंट काढल्यावर वीस-तीस मिनिटांत लाली गेली नाही तर ते परत दुरुस्तीला न्या. तोवर घालू नका. पावसाळ्यात मोजे वाळत नाहीत, त्यामुळे पाच-सहा जोड हवेतच.

मूल पंधरा-वीस किलोचं झालं की आजीने एकटीने उचलायचं नाही, कितीही सवय असली तरी. दोघांनी उचला: एकाने काखेखालून, दुसऱ्याने गुडघ्याखालून, ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकदमच. घरात एक कंबर धरली की अख्खं वेळापत्रक कोसळतं.

गुरुवार

पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी आणि वीज बंद ठेवायची तर बहुतेक वेळा गुरुवारच असतो, आणि शुक्रवारी सकाळी पाणी कमी दाबाने येतं. म्हणून बुधवारी रात्री मुलाच्या अंघोळीच्या दोन बादल्या भरून ठेवा, चादरी बुधवारीच धुवा, आणि नेब्युलायझर किंवा सक्शन मशीन (घशातला कफ ओढून काढणारं) असेल तर त्याची बॅटरी तपासा. घरून काम करणाऱ्याने महत्त्वाचा कॉल गुरुवारी ठेवू नये.

ऑफिस आणि थेरपी

मॅनेजरला ‘घरी अडचण आहे’ असं सांगितलं तर तो सहानुभूती दाखवतो आणि विसरतो. नेमकं मागा, तेही मेलवर: ‘मंगळवार आणि शुक्रवार ४ ते ५.३० मी नसेन, त्या दिवशी सकाळी ७.३०ला लॉगिन करेन, तातडीचं असेल तर अमुक सहकारी बघेल.’ सरकारी नोकरी असेल तर आस्थापना शाखेत बालसंगोपन रजेचे नियम विचारा. केंद्र सरकारच्या नोकरीत दिव्यांग अवलंबिताची काळजी घेणाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते. आणि आई-बाबा दोघांनी एकाच दिवशी रजा टाकू नका, ऑपरेशनसारखं काही असेल तरच.

थेरपीचं केंद्र घराच्या किंवा शाळेच्या वाटेवरचं निवडा. धायरीहून विमाननगरला जाणारं कुटुंब दोन-तीन महिन्यांनी थकतं, मग खाडे सुरू होतात. जवळ साधं पण नीट शिकवणारं केंद्र असेल आणि वर्षभर जाणं होत असेल, तर मुलाचं भलं त्यातच जास्त होतं. महिन्यातून एकदा घरातला वेगळा माणूस सोबत पाठवा, म्हणजे व्यायाम त्यालाही येतील. घरच्या व्यायामाला वेगळा तास काढू नका, तो मिळत नाही. पाय ताणण्याचे व्यायाम कपडे बदलताना, आणि स्टँडिंग फ्रेममध्ये (उभं राहायला आधार देणारी चौकट) उभं राहणं भावंडांच्या गृहपाठाच्या वेळी, त्याच टेबलाशी.

भावंडांबद्दल आमचं मत पक्कं आहे. त्यांनी खेळावं, हसावं, पाण्याचा ग्लास आणून द्यावा. पण औषध देणं, उचलणं आणि शी-शू ही मोठ्यांची कामं. प्रत्येक भावंडाला आठवड्यातून एकदा आई किंवा बाबा एकटे मिळायला हवेत, मग ती सारसबागेतली अर्ध्या तासाची चक्कर का असेना. मोठं भावंड फार समजूतदार वागायला लागलं तर कौतुक करून सोडून देऊ नका, जवळ बसवून त्याच्याशी बोला.

कागदपत्रं, एकदाच

यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा. तपासणी ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयात होते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि जुन्या करपद्धतीत पालकाला वर्षाला ७५,००० रुपयांची, ८० टक्क्यांपासून पुढे १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. नवी करपद्धत निवडली तर ही वजावट जाते, म्हणून आधी दोन्ही हिशेब मांडा. सेरेब्रल पाल्सीला निरामय या सरकारी आरोग्य विमा योजनेत १ लाखापर्यंतचं संरक्षण आहे, थेरपीचा खर्चही त्यात काही मर्यादेपर्यंत बसतो. फक्त बिलं तारखेची आणि सहीची हवीत, म्हणून दर महिन्याला केंद्राकडून पावती मागून सगळ्या कागदांच्या एकाच फाइलमध्ये लावा.

पालखी आणि गणपती

पालख्या पुण्यात असतात त्या दिवसांत आणि विसर्जनाला रस्ते बंद असतात. शाळेची व्हॅन येणार नाही, रिक्षा मिळणार नाही हे धरून चाला. औषधं आठवडाभर आधी, थेरपीची वेळ बदलून, आणि तातडीला आपल्या बाजूचं, बंद रस्ता ओलांडावा न लागणारं रुग्णालय कुठलं ते आधीच ठरवून त्याचा नंबर फ्रिजवरच्या कागदावर लिहा. ढोल-ताशाने मूल दचकत असेल तर आतली खोली, लावलेली खिडकी आणि कानावर हेडफोन. आरतीला मात्र त्याला सगळ्यांबरोबर बसवा, मांडीवर किंवा त्याच्या खुर्चीत, हातात टाळ देऊन.